सात परस खोल उजळणी

लोक काशीला जाऊन येतात, हिमालयात जाऊन येतात आणि मग लिहितात. मी दापोडीहून चाकणला जाऊन आले आणि लिहायला बसले आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, कारण पुढे हसण्यासारखं फारसं नाही. त्या रस्त्याने रोज शेकडो माणसं कंपनीत जातात-येतात, पण त्यांतल्या कुणी खाली बघितलं असेल असं मला वाटत नाही. मीही बारा वर्षं बघितलं नव्हतं.

मी मूळची रत्नागिरीकडची. नवरा गेल्यावर नोकरीसाठी घाट चढून इकडे आले आणि दापोडीतल्या कामगार वस्तीत एका शाळेत भूगोल शिकवू लागले. स्वभावाने मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. चुकीचं उत्तर आलं की माझं डोकं फिरतं. ‘पाव गुण कापला!’ हे माझं वाक्य पोरं माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

जुनी अकरावीची मॅट्रिक बंद होऊन दहावी आली, त्यानंतरची ही गोष्ट. जुन्या अभ्यासक्रमात नापास झालेल्यांना शेवटची संधी होती. माझ्याकडे असे तिघं होते. कमल, वय एकोणीस, वडील कंपनीत, हिला नर्स व्हायचं होतं. रामभाऊ, वय चाळीस, लेथ मशीनवर, मॅट्रिक झाल्याशिवाय सुपरवायझर करत नाहीत म्हणून ऐन संसारात पाटी-पेन्सिल घेऊन बसलेले. आणि दत्ता, तळवड्याच्या वाटेवरच्या एका वाडीतला शेतकऱ्याचा मुलगा, कंपनीत टेंपररी.

तिघांचीही विकेट एकाच ठिकाणी पडायची: पृथ्वीचे थर, खडक, माती, भूजल. मी एकदा विचारलं, “रामभाऊ, अग्निज खडक म्हणजे काय?” गृहस्थ छातीठोकपणे म्हणाले, “जो आगीत टाकला तरी जळत नाही तो!”

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, “खडक तुमच्या पायाखाली आहे आणि तुम्ही तो पुस्तकात शोधताय. शनिवारी सकाळी डबा घेऊन या. दोन दिवस चालत, बसने, जमेल तसं चाकणपर्यंत जाऊ. तिथे माझी नणंद राहते, तिच्याकडे मुक्काम. सगळी उजळणी रस्त्यावर.”

दत्ता जागचा उठला नाही. “बाई, येताना आमच्या विहिरीवर यायचं,” तो म्हणाला. “आबा म्हणतात, तुमच्या बाईंना जमिनीच्या आतलं कळतं ना, मग एकदा विचार, खणू का थांबू.”

त्यांची बरीचशी जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली होती. राहिला होता एक एकराचा तुकडा आणि त्यातली विहीर. ती दोन वर्षांपूर्वी आटली. तेव्हापासून आबा ती खोल करत होते. पाडव्यापर्यंत पाणी लागलं तर शेती, नाही तर तो तुकडाही देऊन टाकायचा, असं त्यांनी देवासमोर बोलून ठेवलं होतं. पाडवा महिन्यावर आला होता.

“येईन की,” मी म्हटलं. किती सहज म्हटलं! भूगोलाच्या बाईला जमिनीतलं कळतं, असं मलाही वाटत होतं.

दापोडी, नदीकाठ

निघायच्या सकाळी कमलचे वडील तिला पोचवायला आले. “बाई, पोरगी तुमच्या हवाली. पण दगड बघायला दोन दिवस कशाला लागतात?”

“नापास व्हायला तिला दोन वर्षं लागली. दोन दिवसांचं काय घेऊन बसलात?”

ते हसले आणि सायकलला टांग मारून शिफ्टला गेले.

पवना मुळेला मिळते तिथे काठ कापला गेला आहे. तिथे मी तिघांना उभं केलं आणि काठाच्या भिंतीवर छत्रीच्या टोकाने रेघा दाखवल्या. खाली गोटे, त्यावर वाळू, त्यावर बारीक गाळ. “नदीने आधी काय टाकलं? नंतर काय टाकलं?” खालचा थर जुना, वरचा नवा. भूशास्त्राचा हा पहिला नियम, आणि मला तो फार आवडतो, कारण त्यात कुणाचा वशिला चालत नाही.

रामभाऊंनी डोकं खाजवलं. “म्हणजे कसं बाई, खाली फर्स्ट शिफ्ट, वर सेकंड, त्याच्यावर थर्ड. आधी आलेला खाली, मागनं आलेला त्याच्या डोक्यावर.”

“पूर्ण गुण,” मी म्हटलं. कमल टाळ्या वाजवायला लागली. रामभाऊ इतके लाजले की पाय घसरून चिखलात बसले.

मोशीच्या अलीकडे, खाण

भोसरीच्या पुढे बस सोडली आणि खाणीकडे चालत गेलो. हातोड्यांचा आवाज लांबूनच येत होता. खाण म्हणजे डोंगराचं पोट फाडून ठेवलेलं. मला तिथे नेहमी गप्प व्हायला होतं. हा सगळा काळा दगड एके काळी तापलेला रस होता, भेगांतून वर आला, पसरला, निवला. मग पुन्हा आला, पुन्हा पसरला. तेव्हा माणूस नव्हता, त्याची वाडीही नव्हती. “हा अग्निज,” मी म्हटलं. “आगीतून जन्मला म्हणून अग्निज. रामभाऊ, लिहा.” रामभाऊंनी मुकाट्याने लिहिलं.

आमच्या कोकणात जमीन जांभ्याची. तांबडी, भोकाभोकांची, पाणी पिऊन घेणारी. तिथे घर बांधायचं तर चिरा कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासतात. इथला दगड तसा ऐकत नाही. खडी फोडणाऱ्या एका बाईजवळ आम्ही टेकलो. डोक्याला फडकं, हाताला चिंध्या बांधलेल्या. तिने आमच्या भाकरीवर आपल्याकडची लसणाची चटणी घातली आणि आमचा अभ्यास काय चाललाय ते विचारलं. कमलने सांगितलं.

“त्याला पुस्तक कशाला?” ती म्हणाली. “दगुड वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर अखंड. बद्द वाजला तर आत फट हाय, पानी हाय, माती हाय. माज्या सासऱ्यानं शिकवलं.”

तिने दोन दगडांवर हातोडी मारून दाखवली. पहिला देवळातल्या घंटेसारखा वाजला, दुसरा नाही. कमलने डोळे मिटून पुन्हा ऐकलं, मग स्वतः मारून बघितलं. वीस वेळा तरी मारलं असेल. मी घाई केली नाही, कारण पोरगी पहिल्यांदाच धडा पाठ न करता शिकत होती. पुस्तकात आहे ते तेच आहे: अखंड खडकात पाणी राहत नाही, पाणी राहतं ते भेगांत, सच्छिद्र थरात, कुजलेल्या मुरमात. फक्त पुस्तकात त्याला आवाज नाही.

चाकण

चाकणला पोचेपर्यंत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. रामभाऊंनी खिशातून तारेचा तुकडा काढला आणि चप्पल अशी आवळून दिली की ती आजही टिकून आहे. लेथवरच्या माणसाच्या खिशात काय काय असतं देव जाणे.

बाजाराचा दिवस होता. कांद्याचे ढीग, बैलगाड्या, आणि सगळीकडे धूळ. नणंदेने पिठलं-भाकरी, कांदा, आणि माझ्यासाठी मुद्दाम भात केला. ‘कोकणातल्या माणसाचं भाताशिवाय पोट भरत नाही’ हे तिचं बारा वर्षांचं मत आहे. आडनाव ऐकल्यावर कमलला ताट वाढताना नणंदेचा हात क्षणभर थांबला, मला दिसलं. मी तिच्याकडे नुसतं बघितलं. तिने वाढलं, आणि नंतर आग्रह करकरून वाढलं. कमललाही दिसलं होतं. तिने भाकरी मागून घेतली आणि पोटभर जेवली.

सकाळी किल्ल्याच्या पडक्या तटाशी तिघांना मातीचं प्रकरण विचारलं. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. खडक कुजून मुरूम होतो, मुरूम कुजून माती. “बोटभर माती व्हायला किती काळ लागतो?” मी विचारलं.

“शेकडो वर्षं,” दत्ता म्हणाला. उत्तर बरोबर होतं. पण म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

तळवड्याच्या वाटेवर

इंद्रायणीला गुडघाभरही पाणी नव्हतं. साड्या खोचून आम्ही ती ओलांडली आणि गाडीवाटेने तळवड्याच्या अंगाला लागलो. दुपारच्या आत कारखान्यांच्या नव्या भिंती दिसू लागल्या. एका लांबलचक कुंपणालगत पाइप टाकायला चर खणला होता, पुरुषाहून हातभर जास्त खोल. चराची भिंत ताजी, स्वच्छ कापलेली. भूगोलाच्या मास्तरणीला असा चर म्हणजे मेजवानीच.

मी वाकून बघितलं आणि चमकले. वर पाच फूट मुरूम. त्याखाली काळ्या मातीचा पट्टा. त्याखाली पुन्हा मुरूम.

“अरे बघा, बघा!” मी ओरडलेच. “पुस्तकात नसलेलं! माती नेहमी वर असते, ही खाली गाडली गेलीय. नियम काय?”

“खालचं जुनं,” कमल म्हणाली.

“मग ही माती किती जुनी असेल! कधीतरी मोठा पूर आला असेल, डोंगरावरचा मुरूम वाहून आला आणि इथली जमीन बुजली. हजार वर्षं, कदाचित पाच हजार. लिहा, आकृती काढा.”

कमलने आणि रामभाऊंनी वह्या उघडल्या. दत्ता उभाच.

“दत्ता, वही?”

तो चराकडेच बघत राहिला. माझं डोकं फिरलं. “शेवटची संधी आहे, ठाऊक आहे ना? पाव गुण...” असं म्हणत मी नमुना घ्यायला चरात उतरले. काळ्या पट्ट्यात बोटं घातली आणि ढेकूळ ओढलं. ढेकळासोबत काहीतरी हाताला आलं. मुळांचा झुबका आणि त्यावर तिरकं कापलेलं चार बोटं ताट. ज्वारीचं धसकट होतं ते. विळ्याने कापलेलं.

वरून रामभाऊंनी ते बघितलं. “बाई,” ते हळूच म्हणाले, “पाच हजार वर्षांपूर्वी विळा होता का हो?”

कुणीही हसलं नाही, स्वतः रामभाऊसुद्धा नाही.

“आमचं शेत हाय ते,” दत्ता म्हणाला. घरच्या वाटेवर आल्यावर त्याची बोली घरची झाली होती. “खालचं. मुरूम टाकून चार वर्सं झाली. ट्रकानं आणून टाकला, जागा लेवल कराया. शेवटची ज्वारी मीच कापली व्हती, आईबरोबर.”

“मग आधी बोलला का नाहीस?”

“तुमी शिकवत व्हता बाई.”

मी चरातून वर आले. कुणीतरी हात दिला, कुणी ते आठवत नाही. मला लाज वाटली, भयंकर वाटली. नियम चुकला नव्हता. खालचा थर जुनाच होता, वरचा नवाच. चुकले होते मी. थर टाकणारा कोण, हे मी विचारलंच नव्हतं. मी नदी धरली, पूर धरला, डोंगर धरला, आणि डोळ्यांसमोर कुंपण असून ट्रक काही धरला नाही.

विहीर

विहीर तिथून दोनशे पावलांवर. काठावर मुरमाचा आणि काळ्या दगडी कपऱ्यांचा ढीग, वर दगड-माती ओढून काढायची लाकडी यारी, तिच्या दोराला पाटी. आबा यारीपाशी उभे होते. उंच, वाळलेले, डोक्याला मळकं मुंडासं. दत्ताची आई, सोनाबाई, चुलीवर चहा ठेवून आली.

“आलासा? बसा,” आबा म्हणाले. “सात परस झाली.” परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. सात माणसं एकाच्या डोक्यावर एक उभी राहतील, एवढी ती खोल होती. “धा वर्सांपूर्वी अडीच परसावर पानी व्हतं. आता सांगा बाई, खणू का थांबू?”

मी काठाशी गेले. वरच्या दोन-अडीच परसांत मुरूम आणि भेगाळलेला दगड, कोरडा. त्याखाली गुळगुळीत काळी भिंत, खालपर्यंत. तळाशी दोन वडार गडी पहार मारत होते.

मला उत्तर येत होतं. आणि मी ते दिलं नाही. नुकतीच तोंडघशी पडले होते, आता या माणसाच्या तोंडावर पुन्हा काही बोलायचा धीर होईना. म्हणून मी मास्तरांचा जुना पळपुटेपणा केला, वर्गाकडे वळले. “कमल, विहिरीत पाणी कुठून येतं?”

याबद्दल मी स्वतःला अजून क्षमा केलेली नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीवर मी ते ढकललं.

कमलने वही उघडली नाही. तिने मान तिरकी केली आणि खालचा आवाज ऐकला. ठण्ण. ठण्ण. पहार पडत होती आणि खडक घंटेसारखा वाजत होता.

“बाई, खणखणीत वाजतंय,” ती म्हणाली.

“म्हणजे?” आबांनी विचारलं.

“म्हणजे खाली अखंड पाषाण आहे, आबा. त्यात पाणी राहत नाही. पाणी वरून येतं. पावसाचं, ओढ्याचं. वरच्या मुरमातून झिरपत, फटींतून विहिरीत.” एवढं बोलून ती थांबली. मग तिने मलाच विचारलं, “बाई, पण वरचा मुरूमही कोरडा आहे. इथे ओढा नव्हता का?”

आबांनी कुंपणाकडे बोट केलं. “व्हता. तिकडनं यायचा. त्यो बी लेवल केला.”

आता मात्र मला बोलावंच लागलं. “आबा, या पाषाणाच्या खाली पुन्हा पाण्याचा थर असेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. माझ्या पुस्तकात नाही आणि माझ्या डोळ्यांना दिसत नाही. पण तुमचं पाणी खाली गेलेलं नाही. ते वरूनच बंद झालंय.”

आबांनी यारीचा दोर धरून विहिरीत बघितलं. रागावतील, असं मला वाटलं. त्यांनी रागवावं, असंही वाटलं.

“मला ठावं व्हतं,” ते शेवटी म्हणाले. “ओढा बुजवला त्याच दिशी ठावं व्हतं. पर मानूस आपल्या मनाचं ऐकतोय व्हय? कुनीतरी शिकलेल्यानं सांगाया पायजे व्हतं.” मग विहिरीत वाकून त्यांनी हाक मारली, “ए, चला रं वर! हत्यारं घेऊन या समदी.”

पहारीचा आवाज थांबला. दत्ता यारीच्या दोराला लागला. रामभाऊंनी बाह्या सारल्या आणि तेही लागले. एकेक करून टिकाव, पहारी, घण वर आले, मग माणसं आली. सोनाबाई तोवर घरात गेली होती. ती बाहेर आली ती सूप घेऊन. सुपात गहू, नारळ, हळद-कुंकू आणि हिरवा खण.

विहिरीला पाणी लागलं की पाण्याची ओटी भरतात. दोन वर्षं तिने ती तयार ठेवली होती. गहू दर दोन-तीन महिन्यांनी बदलायचे, किडतात म्हणून.

“बाई, पदर करा,” ती म्हणाली.

मी दचकून मागे सरले. “अहो, मला कशी? मी... माझे यजमान नाहीत.” कपाळ मोकळं दिसत असून हिने हे काय मांडलं, मला कळेना. ओटी सवाष्णीची. बारा वर्षांत कुणी माझ्यासमोर सूप धरलं नव्हतं.

“मला दिसतंय की,” सोनाबाई म्हणाली. “ही तुमची न्हाई, पान्याची हाय. पान्याला कुठं नवरा आसतो, बाई? तुमी नदीकडं जानार. आमच्याकडं ते आता यायचं न्हाई, तुमीच त्याला पोचवा.”

मी पदर पुढे केला. तिने ओंजळीने गहू घातले, वर खण, नारळ. हळद-कुंकवाची पुडी करून तीही ठेवली. मी रडले. पोरांसमोर मी कधी रडत नाही, त्या दिवशी रडले आणि डोळे पुसायला पदरही मोकळा नव्हता.

परत

दापोडीला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. रामभाऊ सेकंड शिफ्टच्या कुणाला तरी निरोप द्यायचा म्हणून गेले. दत्ता घरीच राहिला होता. मी आणि कमल नदीकडे वळलो, आदल्या दिवशी पहिला धडा घेतला त्याच काठाला.

“आमच्या घरी हे आता करत नाहीत, बाई,” कमल म्हणाली. “बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा सगळं सोडलं.”

“मग तू थांब इथे.”

ती थांबली नाही. काठ निसरडा होता. मी वाकून पदरातले गहू पाण्यात सोडत होते तेव्हा तिने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. खण थोडा वेळ तरंगला आणि मग वाहत गेला. ज्वारीचं धसकट मात्र मी पिशवीतून काढलं नाही. ते शाळेच्या नमुन्यांच्या पेटीत आहे. त्यावरची चिठ्ठी दत्ताने त्याच्या अक्षरात लिहिली आहे: काळी माती, वरून पाच फूट.

परीक्षेत भूजलावर प्रश्न आला. तिघंही पास झाले. कमलला त्यात चांगले गुण पडले असणार, पेपर सोडवताना विहिरीतल्या पहारीचा आवाज कानात होता असं ती म्हणाली. आबांनी पाडव्याला तुकडा देऊन टाकला.

पावसाळ्यानंतर एकदा मला त्या बाजूला जायचं झालं. चर बुजवला होता, कुंपणाला फाटक बसलं होतं. फाटकाशी खुर्चीवर खाकी सदऱ्यातले आबा बसले होते, हातात काठी. मला बघून उठले. दत्ता बरा आहे, परमनंट झाला म्हणाले. चहा मागवतो म्हणाले. मी मात्र जीभ चावावी असं काहीतरी विचारून बसले, “आबा, शेताची आठवण येते का हो?”

त्यांनी काठीने पायाखालच्या मुरमावर दोनदा ठोकलं. बद्द आवाज आला.

“आठवन कशाची बाई? शेतातच बसलोय की,” ते म्हणाले. “पाच फूट वर, यवढंच.”